मुद्द्याचं वाक्य

हॉस्पिटलात त्यांना सगळे रेडिओताई म्हणायचे. तोंडावर ताई, पाठीमागे नुसतंच रेडिओ. त्यांना दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हीचं काही वाटत नव्हतं. "रेडिओ बंद पडला तर निदान लोकांना कळतं," त्या म्हणायच्या. "भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तर आठवडाभर कुणी मान वर करून बघत नाही."

त्या रक्त काढायच्या. वॉर्डातले रात्रीचे दिवे अजून मालवलेले नसायचे तेव्हा ट्रे घेऊन आत शिरायच्या. सुया, पट्टा, कापूस, रंगीत बुचांच्या नळ्या. अर्धवट झोपेतल्या माणसाला उठवून त्याच्या दंडाला पट्टा आवळायचा आणि शिरेत सुई घालायची, या कामाला हसतमुखाने 'या' म्हणणारं कुणी नसतं. रेडिओताईंनी त्यावर आपला एक उपाय काढला होता. आधी नाव विचारायचं. मग पट्टा बांधताना असं काहीतरी विचारायचं, की उत्तर एका शब्दात आटपणार नाही. घराला कुलूप लावल्यावर परत जाऊन ओढून बघणारं तुमच्याकडे कोण आहे? शाळेत तुम्हाला काय नाव पाडलं होतं? घरातल्या सगळ्यांच्या फोटोत डोळे मिटलेला नेमका कोण? असा एकजण प्रत्येक घरात असतोच. माणूस आधी दचकायचा, मग हसायचा, मग सांगायला लागायचा. आणि तो त्या फोटोपर्यंत जाऊन पोचला, की सुई आत गेलेली असायची.

गोष्ट संपताना माणूस एक श्वास सोडतो. 'तर असं आहे' म्हणतो, नाहीतर 'जाऊ दे' म्हणतो. त्या श्वासावर रेडिओताई कापूस दाबून धरायला सांगायच्या आणि हातातल्या नळीवर नावाचं लेबल चिकटवायच्या. हे त्यांनी कधी ठरवलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं. हाताला तशी सवय लागून गेली होती, एवढंच.

पण दुसऱ्यांना आडवाटेला नेता नेता त्यांच्या स्वतःच्या बोलण्यालाही फाटे फुटायला लागले होते. लिफ्ट बंद आहे एवढं सांगायचं असलं, तरी त्या लिफ्टवाल्याच्या मेहुण्याच्या गुडघ्यापासून सुरुवात करायच्या. नमनालाच घडाभर तेल. लॅबमधली पोरं म्हणायची, "ताई, शेवटचं वाक्य आधी सांगा ना, मग पाहिजे तर मागे मागे या." त्याही हसायच्या, आणि मेहुण्याचा दुसरा गुडघा सांगायला घ्यायच्या.

मग लॅबला नव्या मॅडम आल्या. वयाने रेडिओताईंपेक्षा बऱ्याच लहान, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. आल्या आल्या त्यांनी दर सोमवारी सगळ्यांना उभ्याउभ्याच भेटायला बोलावणं सुरू केलं. बसलं की लोक पसरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. कॉन्ट्रॅक्टवरच्या लोकांमधलं कोण पुढच्या वर्षी राहणार आणि कोण नाही, हेही महिनाअखेरीला त्याच ठरवणार होत्या. ते कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या खांद्यात ते होतं. रेडिओताई कॉन्ट्रॅक्टवर होत्या.

त्या सोमवारी मॅडमनी विचारलं, "ताई, शनिवारी वरच्या वॉर्डातली सॅम्पल्स उशिरा का आली?"

"त्याचं काय झालं मॅडम," रेडिओताई म्हणाल्या, "शुक्रवारी संध्याकाळी त्या वॉर्डात एक आजोबा आले. आता हे आजोबा म्हणजे पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या मोठ्या मुलाचं आणि धाकट्याचं पटत नाही, म्हणजे मोठा येतो सकाळी, आणि धाकटा..."

"ताई," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "प्लीज. डोन्ट डायग्रेस."

कुणीतरी खाकरलं. बाकीच्यांनी आपापल्या चपलांकडे बघितलं. रेडिओताईंना वाक्यातलं डोन्ट समजलं. पुढचा शब्द कळला नाही. त्यांचा सगळा दिवस असल्याच शब्दांत जायचा. डायबेटिस, डायलिसिस, डायग्नोसिस. हाही त्याच घराण्यातला, कुणाचा तरी चुलतभाऊ वाटला. आपल्याला काहीतरी झालंय, असंच त्या क्षणी त्यांच्या मनात आलं. त्या म्हणाल्या, "सॉरी मॅडम," आणि शनिवारी उशीर का झाला ते सांगायचं राहूनच गेलं.

घरी जेवताना त्यांनी लेकीला विचारलं. लेक कॉलेजात होती. पुस्तक ताटाशेजारी उघडं ठेवून जेवायची सवय.

"डायग्रेस म्हणजे काय गं?"

"कुणाला म्हणाले?"

"आधी सांग तर."

"मूळ विषय सोडून दुसरीकडेच जाणं. विषयांतर." लेकीने मान वर केली. "आई, तुला म्हणाले ना."

"इतकंच होय," रेडिओताई म्हणाल्या. "मला वाटलं काय नि काय. अगं, याला आपल्याकडे केवढे शब्द आहेत. फाटे फोडणं, चऱ्हाट लावणं, गुऱ्हाळ घालणं, पाल्हाळ लावणं..."

"आणि हे सगळे तुला आधीच म्हणून झालेत. म्हणून त्यांनी नवीन आणला."

रेडिओताईंचे यजमान हसले. कोपऱ्यावर त्यांचं कुलपं-किल्ल्यांचं छोटं दुकान होतं. मोजकं बोलणारा माणूस. दिवसभर किल्ल्या घासून कानाला तेवढाच आवाज पुरायचा. ते म्हणाले, "एकदा दुकानात हिला थोडा वेळ बसवलं होतं. एक गिऱ्हाईक आलं, घराबाहेर अडकलेलं. घरात गॅस चालू. हिने त्याला विचारलं, कुलूप कोणी घेतलं होतं, तुम्ही की तुमच्या वडिलांनी."

"मग? जुन्या कुलपाला तशी किल्ली लागते म्हणून विचारलं."

"तू मुद्द्याचंच विचारलंस. मग त्याच्या वडिलांचं विचारलंस. मग आत्याचं."

लेक खो खो हसली. रेडिओताईही हसल्या, पण घास तोंडात फिरत राहिला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "वाईट असतं का गं ते? म्हणजे माणूस कामावरून काढण्याइतकं?"

लेकीचं हसू ओसरलं. "असं म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या नाहीत."

"मग तूच कशाला त्यांच्या वाटचं म्हणतेस. उद्यापासून नेमकं बोल. प्रश्न आला की उत्तर, संपलं. जमेल तुला."

यजमानांनी ताटावरून उठताना म्हटलं, "जमेल. पण हिचा हात तोंडाच्या जोरावर चालतो," आणि पुढे काही बोलले नाहीत. ते नेहमीच पुढे काही बोलत नसत, म्हणून कुणी लक्षही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेडिओताई तोंड बंद ठेवून वॉर्डात शिरल्या. डायग्रेस हा शब्द त्यांनी रस्ताभर मनात म्हटला होता, जसं कुणी औषधाचं नाव विसरू नये म्हणून म्हणत राहतं. वॉर्डातल्या मावशी फरशी पुसत होत्या. "काय रेडिओताई, आज सेल संपले?" त्यांनी विचारलं. रेडिओताई नुसत्या हसल्या. मावशी फडकं हातात घेऊन त्या पुढे जाईपर्यंत बघत राहिल्या.

आधीच्या खोल्यांतली माणसं आपणहूनच काहीबाही सांगत राहिली, आणि तिथलं काम नेहमीसारखं झालं. शेवटच्या खोलीत दोन खाटा होत्या. दाराकडच्या खाटेवर एक तरुण मुलगी. तिचं त्याच दिवशी दुपारी ऑपरेशन होतं. खिडकीकडे एक मोठ्या बाई, त्यांचं दुसऱ्या दिवशी. दोघींचं रक्त ब्लड बँकेत जायचं होतं, गट तपासायला आणि जुळणाऱ्या पिशव्या काढून ठेवायला.

"नाव?" रेडिओताईंनी दाराकडच्या मुलीला विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी पट्टा बांधला. मुलीने मान दुसरीकडे वळवली आणि डोळे घट्ट मिटले. तिची मूठ पांढरी पडली होती. एरवी इथे काहीतरी विचारायचं असतं. रेडिओताईंनी ओठ मिटून घेतले. शीर पटकन सापडेना. बोटाखाली ती सरकत होती, भिऊन कोपऱ्यात पळणाऱ्या मांजरासारखी. सुई एकदा गेली, परत काढावी लागली, पुन्हा घातली. मुलीच्या तोंडातून बारीकसा आवाज आला आणि थांबला. नळी भरली. रेडिओताईंनी कापूस ठेवला. मुलगी गप्प. कुठलीच गोष्ट संपली नाही, कारण सुरूच झाली नव्हती. त्यांनी नळी ट्रेतल्या खाचेत ठेवली आणि त्या खिडकीकडे वळल्या.

तिथेही तेच. नाव, पट्टा, सुई, कापूस. त्या बाईंना झोप आवरत नव्हती. त्यांनी डोळेही धड उघडले नाहीत.

खोलीबाहेर पडताना समोरून स्ट्रेचर आलं. रेडिओताईंनी ट्रे शेजारच्या टेबलावर टेकवला, दार धरून स्ट्रेचर जाऊ दिलं, मग ट्रे उचलला आणि वॉर्डाच्या टोकाशी जाऊन नळ्या स्टँडमध्ये लावायला घेतल्या. शेवटच्या दोन नळ्या हातात आल्या. दोन्ही कोऱ्या होत्या.

त्या क्षणभर बघतच राहिल्या. असं कधी झालं नव्हतं. नळी लेबलाशिवाय खाटेपासून हलवायची नाही, हे नव्या पोरांना त्याच शिकवायच्या. मग त्यांनी स्वतःला समजावलं. डावीकडची दाराजवळच्या मुलीची. पहिली तीच ठेवली. उजवीकडची खिडकीजवळच्या बाईंची. यात काय चुकायचंय. त्यांनी दोन्ही लेबलं लावली, हाताने नीट दाबली, आणि सॅम्पल्स वेळेच्या आधी पोचली. ट्रे घेणारा लॅबमधला पोरगा म्हणाला, "क्या बात है ताई, आज एक्सप्रेस." त्यांना बरं वाटलं.

ते बरं वाटणं चहापर्यंत टिकलं.

चहाचा कप त्यांनी टेबलावर ठेवला. कोणीतरी साखरेचा डबा घ्यायला त्यांच्यासमोरचा चहाचा ट्रे उचलला आणि परत ठेवला. उलटा ठेवला. म्हणजे खालीवर नव्हे, फिरवून. आणि तो उलटा ठेवलाय हे रेडिओताईंना फक्त कडेला सांडलेल्या चहावरून कळलं. नाहीतर ट्रेला पुढची बाजू आणि मागची बाजू असं काही नसतंच.

स्ट्रेचर गेल्यावर आपण टेबलावरचा ट्रे उचलला तो कुठल्या बाजूने?

त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. दार डाव्या हाताने धरलं होतं. की पाठ लावून? स्ट्रेचरवरच्या माणसाचे पाय दिसले होते, पायांत लोकरी मोजे होते, एक मोजा उसवलेला. ते स्वच्छ आठवत होतं. ट्रे आठवत नव्हता. साठवायचं ते सोडून भलतंच साठवून ठेवलं होतं डोक्याने.

बहुतेक बरोबरच असेल, त्या मनाशी म्हणाल्या. जवळजवळ खात्रीच आहे. पण 'जवळजवळ' हा शब्द दाताच्या फटीत अडकलेल्या दोऱ्यासारखा झाला. जीभ फिरून फिरून तिथेच जायची. बदली झाली असेल तर त्या मुलीसाठी दुसरीच्या गटाचं रक्त निघेल. दुपारी ती टेबलावर असेल, झोपवलेली, आणि पिशवी लावतील. चुकीच्या रक्ताने काय होतं, हे रेडिओताईंना पुस्तकातून माहीत होतं, आणि पुस्तकाबाहेरही माहीत होतं.

आणि बोलायचं तर? ऑपरेशन थांबेल. डॉक्टर चिडतील. मॅडम विचारतील, लेबल का नव्हतं. महिना संपायला किती उरलंय. गप्प बसलं तर बहुतेक काहीच होणार नाही. बहुतेक.

त्यांनी फोन उचलला. ब्लड बँकेत नाना असायचे. जुना माणूस, रेडिओताईंचा जुना श्रोता. "हॅलो नाना, मी बोलतेय. मी काय म्हणत होते, आज सकाळी काय झालं, मी ठरवूनच आले होते की आज जरा..."

"रेडिओताई," नाना म्हणाले. मागे मशीनची घरघर येत होती. "आज अजिबात वेळ नाही बघा. थिएटरमधून फोनवर फोन येतायत. तुमचं नंतर निवांत ऐकतो." आणि फोन ठेवला.

त्यांनी पुन्हा लावला. वाजत राहिला. तिसऱ्यांदा कोणीतरी पोरीने उचलला. "नाना कामात आहेत. ताई तुम्हीच ना? ते म्हणतायत नंतर."

रेडिओताई फोन हातात धरून उभ्या राहिल्या. नानांचा काही दोष नव्हता. वर्षानुवर्षं आपण जे पेरलं तेच उगवलं होतं. आपलं बोलणं म्हणजे फुरसतीत ऐकायची गोष्ट, हे सगळ्या हॉस्पिटलने मान्य केलं होतं, आणि त्याला आपणच मान्यता दिली होती.

त्या मॅडमकडे जायला जिन्याकडे निघाल्या. लिफ्टची वाट बघणं सुचलं नाही. एकेका पायरीला त्या वाक्य जुळवत होत्या. सकाळी मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून. नको. सोमवारी तुम्ही मला म्हणालात त्यावरून मी. नको, ते तर अजिबात नको. ते खरं होतं. खरं तर तेच खरं होतं: बोलल्या असत्या तर मुलीने श्वास सोडला असता, श्वास सोडला असता तर लेबल लागलं असतं. पण हे सांगायला घेतलं की मॅडमच्या कानाला ती सबब वाटणार, आणि सबब सांगून होईपर्यंत मधल्या वेळात नानांच्या हातून पिशव्या निघणार. कारण खरं असलं म्हणून ते आधी सांगायचं असं नसतं. एका मजल्यावर त्यांना धाप लागली. कठड्याला धरून त्या उभ्या राहिल्या. दोन शब्द टाकले, एक परत घेतला. नवीन माणूस परकी भाषा शिकतो तशा त्या आपलीच भाषा जोडत होत्या.

मॅडमच्या खोलीत दोन पाहुणे बसले होते, टेबलावर कुठल्याशा यंत्राची चित्रं पसरलेली. बाहेरच्या शिपायाने हात आडवा केला. "मीटिंग चालू आहे ताई. काय निरोप असला तर..."

त्यांनी त्याचा हात बाजूला केला. त्याला एवढं आश्चर्य वाटलं, की त्याने तो परत आडवा केलाच नाही.

मॅडमनी मान वर केली. "ताई, मी आत्ता..."

"ब्लड बँकेतल्या दोन नळ्या थांबवा," रेडिओताई म्हणाल्या. "अदलाबदल झाली असेल. शेवटच्या खोलीतल्या दोघींच्या. दाराकडच्या मुलीचं आज दुपारी ऑपरेशन आहे."

त्यांना स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा वाटला. मॅडमनी एका हाताने फोन उचलला. नानांना त्यांनी जे सांगितलं ते रेडिओताईंच्या वाक्याइतकंच होतं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मग थिएटरला फोन केला. पलीकडचा आवाज चढलेला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. मॅडम म्हणाल्या, "हो. उशीर होईल. हो, आमच्याकडून," आणि ठेवला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"लेबल खाटेपाशी लावलं नाही. बाहेर येऊन लावलं."

"का?"

रेडिओताईंनी तोंड उघडलं. सगळं जिभेवर होतं, सोमवारपासूनचं. पाहुण्यांपैकी एकजण पेनाचं टोपण काढत-घालत होता. "माझ्या हातून राहिलं," त्या म्हणाल्या.

काहीतरी कमी पडतंय असं मॅडमना वाटलं असावं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "जा. दोघींचं परत घ्या. सिस्टरना शेजारी उभं करा."

दाराकडची मुलगी उठून बसली होती. ऑपरेशनचा गाऊन घातलेला, केस टोपीत. ट्रे बघून तिचा चेहरा उतरला.

"परत? सकाळीच घेतलं ना."

"सकाळी माझी चूक झाली," रेडिओताई म्हणाल्या. "तुमच्या नळीवर तुमचं नाव मी इथेच लावायला पाहिजे होतं. नाही लावलं. म्हणून ते टाकून दिलं. आता तुमच्यासमोर लावते, तुम्ही वाचा, आणि या सिस्टरही वाचतील."

खिडकीकडच्या बाई आता टक्क जाग्या होत्या. "म्हणजे माझंही?"

"तुमचंही."

"बाई गं," त्या म्हणाल्या. "आणि भलतंच रक्त चढवलं असतं तर?"

रेडिओताईंना खोटं सुचलं नाही. "म्हणून तर आले," त्या म्हणाल्या.

मुलीने हात पुढे करायला वेळ लावला. रेडिओताईंनी पट्टा बांधला. मग मुलगीच बोलायला लागली, खिडकीकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही. तिच्या आईला म्हणे रक्त बघवत नाही. ती खाली बसलीय, बाकावर, वर यायला तयार नाही. लहानपणी हिचा गुडघा फुटला होता तेव्हा आई बेशुद्ध पडली आणि शेजारच्यांनी आधी आईलाच दवाखान्यात नेलं. ही मागे गुडघा धरून रिक्षात.

"रिक्षात कोण सोबत होतं?" रेडिओताईंनी विचारलं. हे तोंडातून गेल्यावरच त्यांना कळलं.

"कुणीच नाही. म्हणजे शेजारच्या काकांचा कुत्रा होता. तो उतरायलाच तयार नव्हता."

सिस्टर हसल्या. नळी भरली. रेडिओताईंनी सुई काढली, कापूस ठेवला, आणि मुलगी सांगत असतानाच, कुत्रा अजून रिक्षात असतानाच, लेबल काढून नळीवर लावलं. "वाचा," त्या म्हणाल्या. मुलगी थांबली. तिने आपलं नाव मोठ्याने वाचलं. सिस्टरनी वाचलं.

"पुढे तो कुत्रा दवाखान्यात..." मुलगी म्हणाली.

"आता नाही," रेडिओताई म्हणाल्या. "मला पळायचंय." आजवर कुणाची गोष्ट त्यांनी अशी मध्येच तोडली नव्हती. मुलीने कापूस दाबून धरला आणि मान डोलावली.

ऑपरेशन उशिरा का होईना, त्याच दिवशी झालं. नव्या नळ्या तपासून संध्याकाळी नाना स्वतः खाली लॅबमध्ये आले. रेडिओताई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना वॉर्डात जायला मॅडमनी तूर्त मना केलं होतं.

"दोघींचा गट एकच निघाला," नाना म्हणाले.

"म्हणजे सकाळच्या नळ्या?"

"त्यांचाही तोच."

"मग बदलल्या होत्या की नव्हत्या?"

नाना म्हणाले, "गट एकच असला की त्यावरून काही कळत नाही ताई. आणि नळ्या टाकून दिल्या. आता कुणालाच नाही कळायचं."

त्यांनी ते दिलासा म्हणून सांगितलं होतं. रेडिओताईंनी मान हलवली. पण आपण चुकलो होतो की नाही, हे आपल्याला जन्मात कळणार नाही, एवढं त्यांना कळलं. पुढच्या वेळी दोघींचा गट एकच असेल, असं कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

"सकाळी तुमचा फोन," नाना म्हणाले, आणि वाक्य अर्धवट सोडून उभे राहिले.

"असू द्या नाना."

काचेच्या दाराआडून मॅडम आल्या. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि, लॅबमध्ये कुणी पाहिलं नव्हतं ते केलं, खाली बसल्या. "ताई, मला हे वर लिहून पाठवावं लागणार आहे. तुमचं कॉन्ट्रॅक्ट त्यावरच ठरेल. काय ठरेल ते आत्ता मलाही सांगता येत नाही. तुम्ही स्वतः येऊन थांबवलंत, हेही त्यात लिहीन." त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "पण लेबल का राहिलं, ते सकाळी तुम्ही सांगितलं नाहीत. ते मला कळायला पाहिजे. तुमच्यासाठी नाही, बाकीच्या मुलांसाठी. तुमच्यासारख्या माणसाकडून जे राहू शकतं, ते त्यांच्याकडून राहीलच."

रेडिओताईंनी हात मांडीवर ठेवले. सांगायचं म्हणजे माणूस गोष्ट संपताना श्वास सोडतो, तिथून सुरुवात करावी लागणार होती. त्याआधी सोमवारच्या भेटीचं. त्याच्याही आधी घड्याळवाल्या आजोबांचं. यातलं काय मुद्द्याचं आणि काय नाही, हे त्यांना खरोखर कळत नव्हतं, आणि चुकीच्या टोकाने धरलं तर समोरची खुर्ची मागे सरकेल, याची भीती वाटत होती.

"जरा लांबेल, मॅडम," त्या म्हणाल्या.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं नाही. पण त्यांचा एक पाय खुर्चीखाली हलत होता, बारीक, न थांबता. रेडिओताईंना तो दिसत होता. त्याच्याकडे बघत बघतच त्यांनी सांगायला सुरुवात केली.